निघायची फळी

"म्हणजे दोघींपैकी कोणाचा बळी द्यायचा, एवढंच ठरवायला जमलोय ना आपण?" आत्या म्हणाली आणि तिनं कप इतक्या जोरात खाली ठेवला की चहा बशीत सांडला.

थोरलीला, घरच्या मोठ्या सुनेला, नणंदेचं हे असं तोडून बोलणं नेहमीच झोंबायचं. आज जरा जास्तच झोंबलं, कारण ते खरं होतं.

रविवार असल्यामुळे कारखाना बंद होता. करवतीचं यंत्र गप्प, कामगार सुट्टीवर, आणि अर्ध्यामुर्ध्या खुर्च्यांच्या मधे घरची माणसं जागा मिळेल तिथे टेकलेली. खरं तर वर घरात बसायला काय झालं होतं? पण वर सासरे, नाना, वामकुक्षी घेत पडले होते, आणि या वयातही त्यांचे कान तिखट होते. नानांना यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर सकाळपासून सगळ्यांचं एकमत झालं होतं. बाकी सगळ्यांची तोंडं दहा दिशांना.

फोन काल आला होता, विद्यापीठातून. आवार म्हणायला एकच, पण आत प्रत्येक विषयाचं महाविद्यालय वेगळं, आणि अर्ज करताना त्यातलं एकच निवडायचं. वाणिज्याला जागाच जागा, विज्ञानालाही पुष्कळ. वास्तुकलेचं महाविद्यालय मात्र सगळ्यात लहान आणि सगळ्यात नकचढं. आधी गुण बघणार, मग लेखी परीक्षा, मग स्वतःच्या हातानं केलेलं काम, आणि इतकं सगळं करून शेवटी मूठभर मुलं आत. बाहेर राहिलेली वर्षभर क्लासची फी भरत परत तयारीला लागणार. आणि नेमकं तेच महाविद्यालय या घरच्या दोन्ही मुलींनी धरून बसावं! थोरलीची बबडी आणि तिच्या जावेची, धाकटीची, चिऊ. एकाच वर्षी जन्मलेल्या, एकाच वर्गात शिकलेल्या, आणि आता एकाच दारात उभ्या. एकीनं दुसरीचा पत्ता कापायचा, दुसरं काय होणार होतं?

थोरलीनं उन्हाळ्यापासून चिऊच्या कानीकपाळी ओरडून पाहिलं होतं. "तुझं गणित एवढं चांगलं, तू अभियांत्रिकीला का नाही जात?" चिऊ नुसती हसायची. काकू हे का सांगते आहे ते घरातल्या मांजरालाही कळत होतं.

या वर्षी महाविद्यालयानं मुलांना काम दिलं होतं ते असं: दोन माणसांना एकमेकांना त्रास न देता बसता येईल अशी एक जागा लाकडात करून आणा. बबडीनं वाकलेल्या छपराखालचं लांबलचक बाक केलं. चिऊनं जिना केला, मधले टप्पे चांगले पसरट, एकानं वर बसावं, एकानं खाली. दोन्ही मॉडेलं दृष्ट लागण्यासारखी झाली होती. आणि काल प्रवेश समितीच्या बाई फोनवर थोरलीच्या नवऱ्याला, थोरल्याला, म्हणाल्या, "दोन्ही कामांच्या कडांवर एकच हात दिसतोय. तुमच्या एका मुलीनं दोघींचं काम केलंय असं आमच्या लक्षात आलंय. जिनं केलं तिचा अर्ज राहील. जिनं दुसरीकडून करून घेतलं तिचा बाद. सोमवारी दोघींना पाठवा."

एका मुलीनं केलंय! त्या बाईंना काय माहीत!

कारखान्याच्या दाराशी कमरेएवढ्या उंचीवर एक लांब फळी आहे. तिला घरात निघायची फळी म्हणतात. जी वस्तू बाहेर जाणार ती आदल्या संध्याकाळी तिथे ठेवायची, आणि पहाटे उठून नाना तिला शेवटचा हात देणार. म्हणजे काय, तर छोटी कानस घेऊन एकेका कडेची धार मारायची. वर अगदी बारीक, खाली येता येता केसभर रुंद. कोणाच्या बोटाला, गुडघ्याला, लहान मुलाच्या कपाळाला लाकूड लागता कामा नये. हा त्यांचा धर्म. ती कानस दुसरं कोणी हातात घेत नाही, आणि घ्यावी असं कोणाला वाटतही नाही. फळीवर काय आहे, कोणाचं आहे, हे नाना विचारत नाहीत. मुलींच्या पाट्या गेल्या, पेन्सिलीच्या पेट्या गेल्या, एकदा आत्याच्या शाळेतला फळा गेला. सगळं तिथून हात घेऊनच बाहेर पडलं.

तर काम जमा करायच्या आदल्या संध्याकाळी दोघी पोरींनी आपापलं मॉडेल उचललं आणि सवयीनं नेऊन निघायच्या फळीवर ठेवलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती.

"खरं सांगून मोकळे व्हा ना," आत्या म्हणाली. "आजोबांनी कडा घासल्या, पोरींना पत्ता नव्हता. संपलं."

"पत्ता कसा नव्हता?" थोरला म्हणाला. तो मुलीकडे वळला. "सकाळी मॉडेल उचललंस तेव्हा दिसलं नाही तुला?"

"दिसलं," बबडी म्हणाली.

"मग?"

"मग काय, बाबा? नानांनी हात दिला होता. नेहमीसारखा."

"ऐकलंत?" थोरल्यानं कपाळाला हात लावला. "हेच ती उद्या तिथे बोलणार. आणि नियम काय आहे? काम सर्वस्वी स्वतःच्या हातचं. दोघींनी तसं लिहून दिलंय. आजोबांचा हात म्हटलं की दोघीही घरी. दोन जागा घालवण्यापेक्षा एक तरी वाचवूया, एवढंच म्हणतोय मी."

"कोणाची?"

हे धाकटीनं विचारलं. ती इस्पितळात परिचारिका होती, रात्रपाळी करून सकाळी आलेली, या गडबडीत अजून गणवेशसुद्धा बदलला नव्हता. नवरा गेल्यापासून या घरात ती मोजकं बोलायची. आज तिचा एकच शब्द आला आणि सगळे खाली भुशाकडे बघायला लागले.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. हे त्याचं नेहमीचंच. वाईट बोलायची वेळ आली की शब्द तिच्या तोंडी द्यायचे. थोरलीला त्याचा राग आला, पण राग गिळून ती बोललीच.

"चिऊला गुण जास्त आहेत. उरलेल्या जागांची फेरी निघेल तेव्हा तिला विज्ञानाला मिळेल, वाणिज्याला मिळेल, कुठेही मिळेल. बबडीला दुसरीकडे कोण दारात उभं करणार आहे?"

"म्हणजे माझी हुशार आहे म्हणून तिनं सोडायचं?"

"सोडायचं असं नाही गं..."

"मग कसं, ताई?"

"वा वहिनी!" आत्या म्हणाली. "मी शाळेत पंचवीस वर्षं शिकवतेय, पण पहिल्या नंबरला शिक्षा करायची ही पद्धत नवीनच ऐकली."

"वन्सं, तुम्हाला मूल असतं म्हणजे कळलं असतं."

असं म्हणायला नको होतं. थोरलीला जीभ चावावीशी वाटली, पण तोंडातून निघालेलं परत आत कुठे घेता येतं? आणि एकदा घसरली म्हणजे ती घसरतच जाई. ती धाकटीकडे वळली. "आणि तू तरी असं काय तोंड करून बसलीस? भावजी गेल्यापासून या घरानं तुम्हा मायलेकींना काही कमी केलं का कधी?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी मोटार धूत होतं, तेवढा पाण्याचा आवाज.

"नाही, ताई," धाकटी म्हणाली. "काही कमी नाही केलं."

आत्या उठली. आपला कप उचलून ती पलीकडे धाकटीच्या शेजारी जाऊन बसली. एवढ्याशा कारखान्यात चार पावलांचं अंतर, पण थोरलीला वाटलं, घराच्या मधोमध कोणी रेघ मारली. नवराही खाली मान घालून म्हणाला, "असं नको बोलूस. तो माझा भाऊ होता." म्हणजे आता तोही गेला पलीकडे. ज्याच्या मुलीसाठी ती वाईट झाली होती, तोच!

"काकू," चिऊ म्हणाली.

ती आतापर्यंत खिडकीखाली बसून स्क्रूच्या डब्यातले लहान-मोठे स्क्रू निवडत होती. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला काहीतरी हवं म्हणून.

"तुम्ही भांडू नका. मी काल जाऊन सांगून आले."

"कुठे जाऊन?"

"विद्यापीठात. प्रवेशाच्या दिवसांत त्यांचं ऑफिस उघडं असतं. बाई भेटल्या. मी सांगितलं, माझ्या मॉडेलच्या कडा बबडीनं मारल्या म्हणून. त्यांनी लिहून घेतलं. माझा अर्ज बाद केला."

धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आणि थोरलीला काय झालं? खरं सांगायचं तर आनंद झाला. जीव भांड्यात पडला. बबडीची जागा वाचली, बबडी आत गेली, हे एवढंच आधी मनात आलं. मग तिची नजर चिऊकडे गेली. पोरीच्या बोटांना स्क्रूचा काळा लागला होता. आणि थोरलीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं.

"मला न विचारता?" बबडी उठून उभी राहिली होती.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच!"

"मग? उपयोग काय विचारून?" चिऊनं स्क्रूचा डबा बाजूला ठेवला. "असंही कोणीतरी मला हे करायला सांगणारच होतं. मला ते तुमच्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, आपणच आधी जाऊन यावं."

आत्याचे डोळे भरून आले आणि तिनं चष्मा काढून पदराला पुसायला घेतला. थोरला उगाच "बाळ, बाळ" करत राहिला. त्याची ही पुतणी त्याला बाप म्हणत नव्हती, पण शाळेच्या प्रत्येक समारंभाला बापाच्या खुर्चीत तोच बसला होता.

"एक आहे पण," चिऊ म्हणाली. "बाई म्हणाल्या, उद्या बबडीनं एकटीनं यायचं. तिथे लाकूड देणार, कानस देणार. समितीच्या समोर बसून तशीच एक कड मारून दाखवायची. तेवढं झालं की तिचं काम पक्कं."

"एवढंच ना?" थोरला एकदम ताठ झाला. लाकूड, कानस, हे त्याच्या ओळखीचं होतं. "अगं, सुतारांच्या घरातली पोर तू! कड मारायला काय लागतं? ये इकडे. आत्ता करून बघू."

त्यानं पुढाकार घेतला आणि सगळ्यांना जरा हायसं वाटलं, कारण काहीतरी करायला मिळालं. टाकाऊतला एक चांगला तुकडा शिकंज्यात आवळला गेला. नानांची कानस खिळ्यावरून उतरली. थोरलीनं दिवा ओढून जवळ आणला. आत्यासुद्धा भांडण विसरून पुढे आली.

बबडीनं कानस लावली. पहिल्या दोन-तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. मग मधेच कानस अडकली आणि कडेला खळगा पडला. "हलका हात," थोरला म्हणाला. तिनं हलका हात केला तर कड वरपासून खालपर्यंत सारखीच आली, तो बारीक-रुंद उतार धरेचना. तुकडा फिरवून दुसरी कड घेतली. ती वाकडी झाली. तिसरी त्याहून वाकडी. बबडी काही अडाणी नव्हती. जोड धरायची, करवत चालवायची, छपराची पातळ पट्टी वाफेवर वाकवायची, हे सगळं तिनं स्वतः केलं होतं. फक्त ही एक गोष्ट तिनं जन्मात केली नव्हती.

"सर, सर बाजूला," थोरला म्हणाला. "दाखवतो तुला. बघ."

त्यानं बाह्या सारल्या, पाय रोवले, कानस धरली. थोरली त्याच्या मागेच उभी होती, तिला त्याची मान तेवढी दिसत होती. कानस चालली, थांबली. पुन्हा चालली. मग त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा तसाच तिथे राहिला.

"काय झालं, दादा?" आत्यानं विचारलं.

"नाही जमत."

"अरे, जोर दे जरा."

"जोराचं नाही गं ते." त्याचा आवाज बदलला होता. "मला येतच नाही. मी कधी केलंच नाही. बाबा करतात."

त्याची पन्नाशी उलटली होती. केस पिकले होते. शहरातल्या निम्म्या कार्यालयांत त्याच्या देखरेखीखाली झालेल्या खुर्च्या होत्या. आणि तो कितीतरी वर्षांनी वडिलांना बाबा म्हणाला होता. लग्न होऊन आल्यापासून थोरली तरी त्याच्या तोंडून नानाच ऐकत आली होती.

"कोणाला येतं या घरात?" धाकटीनं हळूच विचारलं. "ह्यांना येत होतं?"

"धाकट्याला? छे," आत्या म्हणाली. "त्यानं एकदा कानस उचलली होती लहानपणी. नानांनी काढून घेतली. म्हणाले, घाई काय आहे, मी आहे ना."

जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यांनी वर पाहिलं. नाना कठडा धरून उतरत होते, एक एक पायरी, झोपेनं विस्कटलेले केस. किती ऐकलं होतं कोण जाणे. ते आले ते थेट शिकंज्यापाशी. तुकडा चष्म्याच्या वरून पाहिला, मग चष्म्यातून पाहिला.

"हे कोणी केलंय?"

"मी," थोरला म्हणाला. "आणि बबडीनं."

"कशाला?"

मग सांगावंच लागलं. कोणी सुरुवात केली, कोणी मधलं सांगितलं, कोणी शेवट केला. चिऊचा अर्ज बाद झाला हे आत्यानं सांगितलं, तेव्हा नाना खाली बसले. त्यांना गुन्हाच कळत नव्हता.

"मी त्यात केलं काय? जिना तिनं केला, बाक हिनं केलं. मी फक्त धार मारली. लागलं असतं ना कोणाला."

"नाना, तिथे ते चालत नाही," बबडी म्हणाली. "तिथे कोणाचा हात कुठे लागला ते मोजतात."

"बरं. मग तुला शिकवतो. दे इकडे."

त्यांनी कानस घेतली आणि एक कड मारली. एका दमात, न थांबता. वर बारीक, खाली केसभर रुंद. मग बबडीचा हात ओढून मुठीवर आपली मूठ ठेवली. दोघांनी मिळून आणखी एक मारली. ती चांगली आली. मग त्यांनी हात काढला आणि बबडीनं एकटीनं केली. ती गेली वाकडी.

"पुन्हा," नाना म्हणाले.

पुन्हा वाकडी.

"नाना, उद्यापर्यंत येईल तिला?" थोरलीनं विचारलं. तिनं सासऱ्यांना असा थेट प्रश्न आजवर क्वचित केला असेल.

म्हाताऱ्यानं खोटं सांगायला हवं होतं का? थोरलीला त्या क्षणी तरी वाटलं, सांगावं.

"नाही येणार, सूनबाई. माझ्या हाताला बसायला वर्षं गेली."

बबडीनं कानस खाली ठेवली. हाताचा भुसा झटकला. "आई, माझा फोन दे."

तो थोरलीच्या हातात होता. दिव्याजवळ भुसा उडतोय म्हणून तिनंच मघाशी उचलून धरला होता.

"कशाला?"

"बाईंना सांगते. चिऊ खोटं बोलली. कडा आजोबांनी मारल्या. दोन्ही."

"वेडी आहेस का? तुझा अर्ज शिल्लक आहे अजून! उद्या तब्येत बरी नाही म्हणू. हाताला लागलं म्हणू. चार दिवस मागून घेऊ."

"आणि चार दिवसांनी येणारेय मला?"

"चिऊ आपण होऊन गेली ना! तिनं तुझ्यासाठीच केलं ना ते! तू आता हे सांगितलंस तर तिनं केलेलं सगळं फुकट!"

"आई, ती आपण होऊन नाही गेली." बबडी रडत होती, पण आवाज कापत नव्हता. "आपण सांगू म्हणून गेली. आणि आपण सांगितलंही असतं. तूच सांगितलं असतंस."

थोरलीच्या तोंडावर कोणी हात उगारला असता तरी एवढं लागलं नसतं. तिनं फोन घट्ट धरला. तिच्या डोळ्यांसमोर ती इमारत आली, उंच खिडक्यांची. अर्ज द्यायला गेलो तेव्हा बबडी त्या खिडक्या कशी तोंड उघडं टाकून बघत राहिली होती! ही जागा गेली तर पोरीचं वर्ष जाणार, आणि पुढच्या वर्षी तरी मिळेल याची हमी कोण देणार? नाही द्यायचा फोन. फेकून द्यावा विहिरीत. पण धाकटी तिच्याकडे बघत होती. मागत काही नव्हती, रागानंही नाही, नुसती बघत होती. आणि थोरलीला कळून चुकलं, हा फोन आपण आज दिला नाही तर या बाईशी एका ओट्यापाशी उभं राहणं आपल्याला या जन्मात जमणार नाही.

तिनं फोन दिला.

बबडीनं सगळ्यांच्या समोर बोलणं केलं. फार बोलली नाही. "माझी बहीण खोटं बोलली, मला वाचवायला. मला ती कड मारता येत नाही. तिलाही येत नाही. ते आमच्या आजोबांचं काम आहे, आमच्याकडे सगळ्याच वस्तूंना तेच करतात." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "हो," म्हणाली. "नाही, त्यांचं काही चुकलं नाही. हो, कळलं. दोघींचं."

फोन बंद झाला. थोरल्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"या वर्षी नाही. दोघीही नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करा म्हणाल्या, नव्यानं परीक्षा, नवं काम." तिनं नाकावरून हात फिरवला. "चांगल्या होत्या बोलायला. पण नाही म्हणाल्या."

चिऊ उठून आली आणि बबडीच्या पाठीत एक धपाटा घातला. "मूर्ख! गाढव! आता दोघींना क्लासची खुर्ची, दोघींना आत्याची बोलणी!" मग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. दोन दिवसांत पहिल्यांदा. धाकटी उठली आणि दोघींना मिळून जवळ घेतलं. थोरली जागची हलली नाही. तिला जावंसं वाटत होतं, पण मघाचं बोलणं पायात आडवं पडलं होतं. मग धाकटीनंच तिच्याकडे न बघता एक हात मागे लांब केला, आणि थोरलीनं तो धरला. दोघी तशाच राहिल्या. माफी ना मागितली गेली, ना दिली गेली. जागा गेली ती गेलीच होती, आणि थोरलीला त्या जागेसाठी पोट तुटून रडू येत होतं. कोणाचं काही चांगलं झालं असं तिला त्या घडीला अजिबात वाटलं नाही.

नाना शिकंज्यातला तो वाकडातिकडा तुकडा सोडवून हातात घेऊन बसले होते. एका कडेवरून अंगठा न्यायचा, मग दुसऱ्या. बबडीची, थोरल्याची, पुन्हा बबडीची.

"मला आपलं वाटायचं," ते कोणाकडेच न बघता म्हणाले, "मी गेलो की तुम्हाला आपोआप येईल."

आत्यानं चष्मा पुन्हा काढला.

थोरला पुढे झाला. बापासमोर उभा राहिला, पोटाशी हात बांधून, शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसा. थोरलीनं एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला वडिलांकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. धाकट्याच्या आजारपणातही तो बाहेरून उसने आणायचा, पण घरात हात पसरायचा नाही.

"बाबा, मला दाखवाल?"

नानांनी मान वर केली. मुलाकडे पाहिलं, खूप वेळ, जणू हा माणूस इतका म्हातारा केव्हा झाला ते त्यांना आत्ता दिसत होतं. मग ते बाकावर थोडे सरकले आणि शेजारी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "आधी चष्मा लाव."